आपण कोणाच्या बाजूने होतो?

वसईच्या किल्ल्यात मुलांना घेऊन जाणे ह्याला आपण सहल म्हणतो. नाताळच्या सुट्टीत, किंवा फेब्रुवारीत संत गोन्सालो गार्सिया ह्यांच्या सणाच्या सुमारास, डबे आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन धर्मशिक्षण वर्गाची मुले, शाळांचे वर्ग, परगावाहून आलेले पाहुणे असे सारे तेथे जातात. ताडांच्या सावलीत जेवणे होतात. संत जोसेफ ह्यांच्या मंदिराचा मनोरा चढून खाडी आणि समुद्र पाहिला जातो. छायाचित्रे निघतात आणि संध्याकाळी सर्व जण आनंदाने घरी परततात. ह्यात गैर काहीच नाही. मुलांना मोकळी हवा हवी, धावायला जागा हवी. तरीही एक प्रश्न उरतो. ज्या भिंतींमध्ये आपण मुलांना खेळू देतो, त्या भिंतींविषयी आपण त्यांना काय सांगतो?

वसईच्या शेजारीच सोपारा आहे. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. त्या लेखाचा आशय आपल्या विषयाच्या फार जवळचा आहे. पूर्वीचे राजे शिकारीसाठी व मौजेसाठी विहारयात्रेला निघत. अशोकाने त्या जागी धर्मयात्रा सुरू केली. तीत वृद्धांना भेटणे, दान देणे आणि प्रजेशी धर्माविषयी बोलणे असे. विहारयात्रा आणि धर्मयात्रा ह्यांतील भेद आपल्याच परिसरात बावीसशेहून अधिक वर्षांपूर्वी दगडावर कोरला गेला होता. किल्ल्यातील आपली सहल ह्या दोहोंपैकी कोणती, हे आपण मुलांना काय सांगतो ह्यावर ठरते.

किल्ल्याची कथा थोडक्यात अशी. १५३३ साली पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा ह्याने वसईवर हल्ला केला. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा ह्याने तह करून वसईचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यानंतर २०५ वर्षे येथे त्यांचे राज्य होते. तटबंदी उभी राहिली. फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, डॉमिनिकन व ऑगस्टिनियन संघांचे मठ व मंदिरे उभी राहिली. संत जोसेफ ह्यांच्या मंदिराचा विस्तार १६०१ साली, आर्चबिशप आलेश द मेनेझिस ह्यांच्या कारकिर्दीत झाल्याचा शिलालेख आजही दर्शनी भिंतीवर आहे. पुढे चिमाजी आप्पांच्या सैन्याने वेढा घातला. संत सेबॅस्टियन ह्यांचे नाव दिलेल्या बुरुजाखाली सुरुंग फुटले आणि मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी किल्ला सोडला. ज्या बुरुजावर तोफा ठेवल्या त्याला बाणांनी विद्ध झालेल्या हुतात्म्याचे नाव द्यावे, ह्यातील विसंगती त्या काळच्या माणसांना जाणवली नसावी. आपल्याला ती जाणवायला हवी.

काही वर्षांपूर्वी धर्मशिक्षण वर्गाच्या मुलांबरोबर मी किल्ल्यातील फ्रान्सिस्कनांच्या मंदिरात गेलो होतो. तेथील जमिनीत पोर्तुगीज घराण्यांच्या थडग्यांचे मोठमोठे शिलापट बसवलेले आहेत. त्यांवर नावे आहेत, कुलचिन्हे आहेत. मुले पायाखालची अक्षरे बोटाने गिरवत होती. दहा वर्षांच्या एका मुलाने विचारले, "फादर, एवढे दगड इथे आणले कोणी? त्यांची नावे कुठे आहेत?" त्याला उत्तर देऊन होते न होते तोच दृढीकरणाच्या वर्गातील एक मुलगी म्हणाली, "फादर, लढाई झाली तेव्हा आपण कोणाच्या बाजूने होतो?" शाळेत कोणीतरी तिला पोर्तुगीजांची म्हणून चिडवले होते, हे नंतर समजले. ह्या दोन प्रश्नांत किल्ल्याचा सारा नैतिक विचार सामावलेला आहे.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. अनेक भाषांत हा भेद नाही. 'आम्ही' म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हणताना तो आत येतो. मुलीने 'आपण' म्हटले. ह्या शब्दात तिने मला घेतले, वर्गातल्या सोबत्यांना घेतले, आणि पावणेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या, नावगाव ठाऊक नसलेल्या माणसांनाही घेतले. ती माणसे कोण होती?

इतिहास ह्याचे जे उत्तर देतो ते साधे आहे. तटाच्या आत मुख्यतः पोर्तुगीज सरदारांची घराणी राहत होती. आपले बहुतेक पूर्वज तटाबाहेरचे. ते वाडीत केळी आणि पानवेली लावत होते, भाताची शेते कसत होते, मिठागरांत राबत होते, समुद्रावर जाळी टाकत होते. तटाचे दगड ह्याच भूमीतील हातांनी फोडले आणि वाहिले. वसईचा दगड इतका नावाजलेला होता, की जुन्या गोव्यातील बॉम जेझू मंदिराच्या दर्शनी भागातील कोरीवकामासाठी तो येथून नेण्यात आला. त्या दगडांवर कोणा पाथरवटाचे नाव नाही. लढाईच्या वेळी ह्या भूमीची माणसे तटाच्या आतही होती आणि बाहेरही होती. राजांच्या भांडणात कोणती बाजू घ्यायची, हे त्यांतील बहुतेकांना कोणी विचारलेही नव्हते.

पण इतिहासाच्या ह्या उत्तराने मुलीचे समाधान होत नाही, आणि होऊही नये. 'आमचे पूर्वज बाहेरचे होते' एवढे सांगून आपण सुटत नाही. कारण जो विश्वास आपण आज जपतो, ज्या प्रार्थना आपण म्हणतो, जी नावे आपल्या मुलांना बाप्तिस्म्याच्या वेळी देतो, त्यांचा मार्ग ह्याच दरवाजांतून गेला आहे. तेव्हा प्रश्न असा होतो: भूतकाळातील जे चांगले ते आपले म्हणायचे असेल, तर जे वाईट त्याचे काय?

ह्यावर दोन सोपी उत्तरे आपल्या घराघरांत ऐकू येतात. पहिले अभिमानाचे. येथे केवढी मंदिरे होती, केवढे मठ होते, संत फ्रान्सिस झेवियर येथे येऊन गेले, असे आपण मुलांना सांगतो. हे खरे आहे आणि सांगण्याजोगेही आहे. परंतु त्याच काळात इतर धर्मीयांची देवळे पाडली गेली. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात प्राचीन शिवालयाचे ख्रिस्तमंदिर झाले. १५६० मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या धर्मन्यायालयाचा हात वसईपर्यंत पोहोचत होता आणि ते न्यायालय कायमचे बंद व्हायला १८१२ साल उजाडावे लागले. हे वगळून सांगितलेला अभिमान मुले मोठी होईपर्यंतच टिकतो. सोळाव्या वर्षी त्यांना ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून, तेही कुत्सित स्वरात कळते. मग त्यांचा राग इतिहासावर न जाता आपल्यावर जातो, आणि कधी कधी श्रद्धेवरही.

दुसरे उत्तर हात झटकण्याचे. पोर्तुगीज परके होते, ते गेले, त्यांच्या कृत्यांशी आमचा संबंध नाही. ह्यातही सत्य आहे. आपली भाषा मराठी, आपली बोली ह्या मातीची, आपल्या लग्नांतील रीती येथल्याच. पोर्तुगीजांचे राज्य २०५ वर्षे टिकले. ते गेल्याला २८० हून अधिक वर्षे झाली आहेत. राज्य गेले, तोफा गेल्या, मठ ओस पडले, तरी श्रद्धा राहिली. केवळ तलवारीच्या धाकाने धरलेली श्रद्धा तलवार गेल्यावर एवढा काळ टिकत नाही, हे मुलांना अवश्य सांगावे. परंतु हात झटकणारे हेच आपण संत गोन्सालो मात्र आपले म्हणून मिरवतो. त्यांचे वडील पोर्तुगीज आणि आई ह्या भूमीची. संत घ्यायचा आणि ज्या जगात तो वाढला त्या जगाशी नाते नाकारायचे, हा हिशेब प्रामाणिक नाही.

मग मुलांनी अपराधी वाटून घ्यावे काय? मुळीच नाही, आणि ह्याविषयी आपल्या धर्माची शिकवण स्पष्ट आहे. यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात, बापाच्या पापाचा भार मुलाने वाहावा ही समजूत परमेश्वर मोडून काढतो. ज्याचे पाप त्याच्याच माथी, असे तो बजावतो. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी जेव्हा विचारले, की पाप ह्याचे की ह्याच्या आईबापांचे, तेव्हा प्रभू येशूने दोन्ही पर्याय नाकारले. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या 'नोस्त्रा एताते' ह्या घोषणापत्रात हेच तत्त्व इतिहासाला लावले: ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर सरसकट आणि आजच्या यहुद्यांवर मुळीच लादता येणार नाही. शतकानुशतके हा दोष लादण्याचे भयंकर परिणाम ख्रिस्तसभेने पाहिले होते.

येथे एखादा जाणता वाचक विचारील, की आदिपाप तर आपल्याला वारशानेच मिळते ना? ह्याचे उत्तर धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात आहे. आदिपापाला 'पाप' म्हटले जाते ते साधर्म्याने. ते आपण केलेले कृत्य नसून आपल्याला लाभलेली अवस्था आहे. आदामाच्या कोणत्याही वंशजाच्या ठायी ते वैयक्तिक अपराधाच्या स्वरूपात नसते. म्हणजे जेथे वारशाची भाषा सर्वांत ठाम आहे, तेथेही ख्रिस्तसभा 'अपराध' हा शब्द जपून वापरते. जर्मन तत्त्ववेत्ते कार्ल यास्पर्स ह्यांनी नाझी राजवटीच्या विनाशानंतर, १९४६ साली, जर्मनांच्या दोषाविषयी लिहिताना असाच विवेक केला. गुन्ह्याचा दोष ज्याने गुन्हा केला त्याचा. परंतु राष्ट्राच्या नावाने जे घडले त्याच्या परिणामांना तोंड देण्याची जबाबदारी नागरिक म्हणून सर्वांची. संपूर्ण जनसमूहाला नैतिक अपराधी ठरवणे त्यांनी अमान्य केले, पण जबाबदारीतून कोणालाही सूट दिली नाही.

अपराध आणि जबाबदारी ह्यांतील हा भेद आपल्या वाडीतील उदाहरणाने समजतो. बाप वारला आणि मुलाला वाडी मिळाली. वाडीत आजोबांनी खणलेली विहीर आहे, बापाने लावलेले माड आहेत, आणि सोसायटीचे कर्जही आहे. कर्ज मुलाने काढलेले नाही. बापाने ते उधळपट्टीसाठी काढले असेल, तर त्या उधळपट्टीबद्दल मुलाला कोणी दोषी धरणार नाही. परंतु विहीर माझी आणि कर्ज बापाचे, असे म्हणणाऱ्या मुलाला गाव काय म्हणेल? वारसाने मिळालेल्या मालमत्तेपुरते देणे फेडावे, त्यापलीकडे त्याच्यामागे लागू नये, हा व्यवहाराचा न्याय आहे. इतिहासाचा न्यायही ह्याहून वेगळा नाही. पूर्वजांचे पाप वारशाने येत नाही. पुण्यही येत नाही. देणे मात्र येते, आणि तेही मर्यादेत.

पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १२ मार्च २००० रोजी, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, संत पेत्राच्या महामंदिरात ख्रिस्तसभेच्या लेकरांनी गतकाळात केलेल्या पापांबद्दल परमेश्वराची जाहीर क्षमा मागितली. सत्याच्या सेवेच्या नावाखाली वापरलेली जबरदस्ती, इतर संस्कृतींचा व धर्मांचा केलेला अवमान ह्यांचा त्यात उल्लेख होता. अपराध वारशाने येत नाही, तर मग क्षमा कशाची, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. त्याच सुमारास प्रसिद्ध झालेल्या 'स्मरण आणि समेट' ह्या ईशज्ञानविषयक दस्तऐवजात त्याचा विचार आहे. ज्यांनी पाप केले त्यांचा दोष त्यांच्याबरोबर परमेश्वरापुढे गेला. परंतु ख्रिस्तसभा हे काळाच्या ओघात एकच राहिलेले शरीर आहे. त्या शरीरावरील जखमा आणि त्या शरीराकडून इतरांना झालेल्या जखमा ह्या दोहोंच्या स्मृतीचा भार आजच्या अवयवांनाही जाणवतो. पोप महोदयांनी स्वतः न केलेल्या पापांबद्दल गुडघे टेकले, ते अपराधी म्हणून नव्हे. घराचे वडील ह्या नात्याने त्यांनी घराचे देणे मान्य केले.

हा न्याय एकतर्फी नाही, हेही मुलांना तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. १७३९ नंतर वसईच्या मंदिरांतील घंटा विजयचिन्हे म्हणून नेण्यात आल्या. नाशिकचे नारोशंकराचे देऊळ, भीमाशंकर, वाईजवळचे मेणवली येथे त्या आजही आहेत. त्यांवरील क्रूस पाहून आपल्या मुलांच्या मनात काही हलते, आणि ते स्वाभाविक आहे. हानी ती हानीच. तिला गोड नाव देण्याची गरज नाही. परंतु आज त्या देवळात घंटा वाजवणारी आजी घंटा पळवणारी नाही. तिने ती विकत घेतली नाही, लुटली नाही. तिच्या लेखी ती देवाला हाक मारण्याची घंटा आहे. किल्ला सोडताना ठरलेल्या कलमांत, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळता यावा, हेही होते. लढाईच्या कथा सांगताना हे कलम आपण विसरतो. जो नियम आपल्या मुलीसाठी मागायचा, तोच शेजारच्या मुलासाठी पाळायचा. मंडपेश्वराचा जाब कोणी तिला विचारू नये. तिनेही घंटांचा जाब कोणाला विचारू नये.

संत गोन्सालो ह्यांचे मरण ह्या दृष्टीने पुन्हा एकदा समजून घेण्यासारखे आहे. वसईत येशूसंघीयांच्या सहवासात वाढलेला हा तरुण जपानला गेला, पुढे व्यापारी झाला, मग सारे सोडून मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि दुभाषी म्हणून जपानला परतला. १५९६ साली 'सान फेलिपे' हे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्याला लागले. त्याच्या सुकाणूवरील अधिकाऱ्याने, आधी धर्मगुरू जातात आणि मागून आमच्या राजाचे सैन्य, अशी फुशारकी मारल्याचे सांगितले जाते. हिदेयोशीचा संशय बळावला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे गोन्सालो आणि आणखी पंचवीस जणांना क्रुसावर मरण आले. एका राजाच्या लोभाचा दोष ज्यांच्या हाती शस्त्रही नव्हते त्यांच्यावर लादला गेला. वसईचा पहिला संत सामूहिक दोषारोपाचा बळी आहे. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. त्यांचा सण साजरा करणाऱ्या आपण तरी दुसऱ्या कोणावर असा दोष लादू नये.

हे सारे मुलांना सांगायचे कधी आणि कसे, असे आईवडील विचारतात. सात वर्षांच्या मुलाला धर्मन्यायालय समजावण्याची गरज नाही. त्याला समुद्र दरवाजाच्या फळ्यांवरील लोखंडी खिळे दाखवावे आणि ते कशासाठी हे सांगावे. माणसांना माणसांची भीती वाटत होती, एवढे त्याला कळते. दहाव्या वर्षी दगड कोणी वाहिले, हे सांगावे. दृढीकरणाच्या वयात मात्र काहीही लपवू नये. ह्या वयाच्या मुलांना सत्य पेलते. त्यांना पेलत नाही ती आपण फसवले गेल्याची जाणीव. सांगताना आवाजात खंत असावी, न्यूनगंड नसावा; कृतज्ञता असावी, फुशारकी नसावी. आणि माहीत नसेल तेथे 'मला ठाऊक नाही, आपण शोधू' असे म्हणण्यात आईबापांचा मान कमी होत नाही.

देणे फेडायचे म्हणजे नेमके काय, तर त्याचीही मोठी यादी नाही. शेजाऱ्याच्या देवाविषयी घरात हलके बोलायचे नाही. आपल्या धर्मग्रामाचा इतिहास सांगताना अवघड पाने गाळायची नाहीत. किल्ल्याच्या भिंतीवर नाव कोरायचे नाही, कारण ज्यांनी ती भिंत उभारली त्यांनाही आपले नाव कोरता आले नव्हते. आणि शक्य झाल्यास पुढच्या सुट्टीत मुलांना किल्ल्यात नेताना शेजारच्या घरातील, दुसऱ्या धर्माची दोन मुलेही बरोबर घ्यावी. त्यांच्या पूर्वजांविषयी ती काय ऐकून आली आहेत ते त्यांना सांगू द्यावे. आपल्या मुलांना आपले सांगू द्यावे. मुले एकाच डब्यातील खाऊ खात असतील तर हे बोलणे भांडणावर जात नाही, असा माझा अनुभव आहे.

ज्या दिवशी ही मुले एकमेकांना सोबत घेऊन, किल्ल्याविषयी बोलताना 'आम्ही' न म्हणता 'आपण' म्हणतील, त्या दिवशी कोणाच्या बाजूने होतो ह्या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या पुस्तकात शोधावे लागणार नाही. १७३९ साली बाजू निवडण्याची संधी आपल्यापैकी कोणालाच नव्हती. आज ती प्रत्येकाला आहे.